क्लाइडच्या बासवरची गुणगुण

हार्लेमच्या जॅझ क्लबात रविवारी दुपारी कार्यक्रम चालू असतानाच अल्बमचं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा हार्लनला जाऊन तीन आठवडे झाले होते. तरी रेकॉर्डवर त्याची गुणगुण होती.

जात्यावर बसलं की ओवी ओठांवर येते, तसा डबल बासच्या जाड तारांना हात लागला की हार्लन गुणगुणायचा. त्या गुणगुणीवर व्हर्डेलने वीस वर्षं संसार केला होता. ती तणतणत रेकॉर्डिंगवाल्या लेस्टरच्या खोलीत शिरली.

“मेलेल्याचा गळा विकतोस, मेल्या? जुन्या टेपवरून उचललास ना?”

“आईशप्पथ नाही, वहिनी. त्याच्या जागी बास क्लाइडने वाजवला, तोंड घट्ट मिटून. मूळ टेपच ऐका.”

लेस्टरने टेप लावली. ग्लास किणकिणले, कुणी खोकलं, बास सुरू झाला. पाठोपाठ ती गुणगुण.

व्हर्डेलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला संताप आला. तिने टेबलावर मूठ आपटली. “बंद कर! माझा माणूस आहे तो, तुझा माल नाही!”

टेपवरची गुणगुण थांबली.

“हळू, व्हर्डेल,” बडबड्या गिऱ्हाइकांवर वैतागायचा तसाच हार्लन वैतागला. “रेकॉर्डिंग चालू आहे.”

आणि टेपवरचा अख्खा क्लब हसला.