ओली बोटं

हे लिहिणारच नव्हतो. लिहून कोणाचं भलं होणार नाही, माझी शपथ मात्र मोडेल, हे पहिलेच सांगतो. तरी लिहितो.

सातवी इनिंग, म्हणजे शेवटची. स्कोअर बराबर. दोघी आऊट, पण तिन्ही बेसवर समोरच्या टीमच्या पोरी उभ्या. सर्कलमध्ये अनुजा, बॉल टाकणारी पिचर. कॅचरच्या मागे वाकलेला रूपेश, अंपायर. रूपेश बावीसचा. अंपायरिंग मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकला, नियमांचं पुस्तक तोंडपाठ. अनुजा त्याच्या जिगरी दोस्ताची, हर्षलची, लहान बहीण. भिलाईत सॉफ्टबॉलचे अंपायर मोजून चार, ओळखीचं कोणी नाही अशी मॅच मिळतच नाही. घरी अनुजा त्याला दादा म्हणते. मैदानात सर.

जिंकणाऱ्या टीमची पिचर राज्याच्या कॅम्पला जाणार होती. अनुजाचं ज्युनिअरमधलं हे शेवटचं साल. जे व्हायचं ते आज.

चौथ्या इनिंगमध्ये तिनं एकीला आऊट केलं आणि मूठ आवळून अशी ओरडली की बाजूला क्रिकेट खेळणारे थांबून पाहायला लागले. समोरच्या टीमचे कोच केवलराम सर खुर्चीतून उठले. "ये क्या तमाशा है, अंपायर साहब? लड़की है कि पहलवान?"

रूपेशनं तिला बोलावलं. "पिचर, परत असं झालं तर बाहेर."

"सकाळी पोरांच्या मॅचमध्ये तो पिचर छाती ठोकून राहिला होता, सर."

"सकाळचं सकाळी झालं."

सकाळीही अंपायर रूपेशच होता. तेव्हा तो हसला होता.

आता दोन बॉल, म्हणजे चुकलेले, आणि दोन स्ट्राइक; तिसरा स्ट्राइक पडला की बॅटर आऊट, इनिंग संपली. अनुजानं हात गोल फिरवला आणि सोडला. बाहेरचा कोपरा, गुडघ्याची उंची. कॅचर मोनाचा ग्लव्ह हललासुद्धा नाही. स्ट्राइक द्यायला रूपेशचा उजवा हात उठतच होता. त्याच्या आधी अनुजा उडाली. दोन्ही हात वर, तोंडातून अर्धी किंकाळी.

रूपेशचा हात तिथंच थांबला. निकाल हिनं द्यायचा की मी?

"बॉल!"

तिनं हात खाली घेतले. ताकीद होती ना. मग तिचे डोळे भरले. आवाज नाही, खांदे हलू दिले नाहीत, नुसतं पाणी. उजव्या हाताच्या बोटांनी तिनं एक डोळा पुसला, मग दुसरा, आणि त्याच हातात बॉल घेतला.

"हाथ गीला है!" केवलराम सर ओरडले. "अंपायर साहब, पोंछा नहीं उसने!"

नियम आहे. पिचरचा हात ओला झाला तर बॉलला लावायच्या आधी कपड्याला पुसायचा. नाही पुसला तर बॅटरला एक बॉल फुकट. तीन झालेलेच होते. चौथा म्हणजे बॅटर पहिल्या बेसवर, बाकीच्या एकेक बेस पुढे, तिसऱ्यावरची सरळ घरी, म्हणजे एक रन. मॅच खतम. हात कशानं ओला झाला, हे पुस्तक विचारत नाही.

मोनानं मास्क वर केला. "सर, जाऊ द्या ना. रडून राहिली ती."

"मास्क खाली घे," रूपेश म्हणाला. आणि त्यानं चौथा बॉल दिला.

तिसऱ्या बेसवरची पोरगी चालत आली. होम प्लेटवर पाय ठेवून तिनं कोचकडे पाहिलं, खरंच का म्हणून. मग त्यांच्या उड्या, किंकाळ्या, एकमेकींच्या अंगावर पडणं. अनुजा सर्कलमध्येच उभी. बॉल तिच्या हातात, न टाकलेला. मोना तो घ्यायला गेली तर बोटं उघडेनात.

गेटजवळ हर्षल स्कूटी घेऊन उभा होता. अनुजा लांब बाकावर पाठ करून बुटांच्या लेस सोडत होती.

"नियम आहे ना बे तो?" हर्षलनं विचारलं.

"आहे."

"पक्का?"

"पक्का."

"मग झालं. आईले तेच सांगतो."

रूपेश हलला नाही.

"त्याच्या आधीचा होता ना, हर्षल... तिनं उडी मारली तो."

"त्याचं काय?"

"स्ट्राइक होता. मले दिसला होता बे."

स्ट्राइक दिला असता तर अनुजाची टीम जिंकली असती असं नाही. पण हरली नसती. खेळ पुढे गेला असता.

हर्षलनं स्कूटी सुरू केली. मग बंद केली.

"मग कावून नाही देला?"

"ती आधीच नाचली."

हर्षल त्याच्याकडे पाहतच राहिला. मारेल असं रूपेशला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दादा, चाल ना," तिकडून अनुजानं भावाला हाक मारली. एकदम साफ आवाज.

"आताच मले म्हणे, आपल्या रडण्यानं हरलो, आता कधीच नाही रडत." हर्षल हळू बोलत होता. "तिले वाटून राहिलं, तिच्या हातात होतं म्हणून. तेवढं तरी राहू दे, रूप्या. त्या स्ट्राइकचं तिले कधी सांगू नको."

"नाही सांगत," रूपेश म्हणाला. "आईशपथ, कधीच नाही."