दोन्ही गुडघे

"दोन्ही गुडघे बांधून आलाय लबाड!" मर्व्हने दुर्बीण खाली केली. "आता ओळखा दुखरा कुठला ते."

कॅन्टीनच्या खिडकीमागे नोएलीन खेळाडूंसाठी संत्री कापत होती. तिने मान वर केली नाही. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गिलंडाची पोरं पाय मोकळे करत होती आणि त्यांत नऊ नंबरच्या जर्सीत तिचा मुलगा हेडन होता.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्याला अजून पाऊण तास होता. वॉराबुक आणि गिलंडा या दोन गावांमध्ये एक नदी आणि नव्वद वर्षांचं वैर. कुंपणाला नाक लावून गाड्या केव्हाच उभ्या राहिल्या होत्या. खिडकीपाशी मर्व्ह आणि कॉलिन सकाळपासून वॉराबुकची चिंता वाहत होते. गेल्या तीस वर्षांत दोघांनीही चेंडूला पाय लावला नव्हता, पण दोघांनाही खेळातलं सगळं कळत होतं.

"टॉस जिंकला तर आधी वाऱ्याबरोबर खेळायचं. पबकडच्या गोलवर," कॉलिन म्हणाला.

"आणि दुपारून वारा फिरला की? गेल्या वर्षी ह्याच अकलेने मार खाल्ला आपण. वाऱ्याचं सोड रे. हेडनचं काय ते बोल. तो उडी मारून चेंडू झेलतो तेव्हा आपला ट्रेव्हर खाली उभा राहून नुसता आशीर्वाद देतो."

"म्हणून तर म्हणतो, त्याला उडीच मारू द्यायची नाही. ट्रेव्हर शंभर किलोचा गडी. पहिल्याच झटापटीत दुखऱ्या गुडघ्यावर धाडकन पडायचं. खेळात पडतोच की माणूस! फक्त गुडघा कुठला ते कळायला हवं."

दोघांनी एकदमच खिडकीकडे पाहिलं.

डावा. उन्हाळ्यात हेडन मेंढ्यांच्या शेडमध्ये घसरून पडला होता. ऑपरेशन झालं. आणखी एक तडाखा बसला तर जन्मभर वाकता येणार नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. हेडनचं पोट मेंढ्यांची लोकर कातरण्यावर. दिवसाला दीडशे मेंढ्या, आणि प्रत्येकीपुढे वाकायचं. खेळू नकोस म्हणून नोएलीनने फोनवर नाना तऱ्हांनी विनवलं होतं. ऐकेल तो हेडन कसला!

ऑपरेशनच्या दिवशी तिचा नवरा डेस पाच तास इस्पितळाबाहेर गाडीत बसून राहिला. वर आला नाही. दोन वर्षांपूर्वी हेडनने गिलंडाची मुलगी केली आणि त्यांच्याकडूनच खेळायला लागला. त्या दिवशी डेसने क्लबातला पोराचा फोटो स्वतःच्या हाताने उतरवला होता. तेव्हापासून घरात हेडनचं नाव निघालं नव्हतं. इस्पितळातून परतताना डेसने रस्त्यावरची नजर न काढता एवढंच विचारलं, "कुठला?" आणि तिने सांगितलं होतं.

वॉराबुकच्या पोरांचे सांधे बांधण्याचं काम तीस वर्षं डेसकडेच होतं. बाकीचे लोक चिकटपट्टी नुसती गुंडाळतात. डेस गुडघ्याच्या वाटीखाली पट्टीची फुली मारायचा आणि टोक दातांनी तोडून आत दुमडायचा. सामन्यानंतर खोली झाडताना त्या पट्ट्या नोएलीनच वेचायची. आजही तो सकाळी सातलाच पट्टी आणायला म्हणून बाहेर पडला होता. औषधांचं दुकान नऊला उघडतं हे तिला ठाऊक होतं. पण नवऱ्याला प्रश्न विचारायचं तिने कधीच सोडून दिलं होतं.

"अगं नोएलीन, सांग की," मर्व्ह खिडकीवर रेलला. "आई असशील, पण वॉराबुकची आहेस ना?"

"उजवा," ती म्हणाली.

कॉलिनने डोळे बारीक केले. "एवढ्या पटकन सांगितलंस? आम्हाला गंडवतेस काय गं?"

तेवढ्यात संत्र्यांची बादली न्यायला डेस आला. मर्व्हने त्याचा दंडच धरला.

"बरा सापडलास! तुझ्या पोराचा दुखरा गुडघा कुठला? ही म्हणते उजवा. हिचं काही खरं वाटत नाही बाबा."

क्लबाशी डेस आयुष्यात खोटं बोलला नव्हता. एकदा स्वतःच्याच संघाचे मैदानावर जास्त खेळाडू आहेत म्हणून त्याने पंचाला जाऊन सांगितलं होतं. नोएलीनने सुरी खाली ठेवली. असा राग आला तिला त्याचा, त्या दोन म्हाताऱ्यांचा, त्या खेळाचा!

डेसने बादली उचलली. आत पाहिलं, जणू फोडी मोजतोय.

"उजवा," तो म्हणाला. "बायको सांगतेय ना? मग जा, ट्रेव्हरच्या कानावर घाला."

दोघे म्हातारे कपडे बदलायच्या खोलीकडे पळाले. पळाले म्हणजे त्यांच्या परीने. काहीतरी बोलावं म्हणून नोएलीन खिडकीतून पुढे वाकली, पण डेसने पाठ फिरवली होती.

भरकटलेला एक चेंडू घरंगळत कॅन्टीनपुढच्या कुंपणाला येऊन लागला. तो उचलायला हेडन धावत आला. बापाने पोराकडे पाहिलं नाही. पोराने बापाकडे पाहिलं नाही. चेंडूसाठी तो खाली वाकला तेव्हा त्याचे गुडघे तिच्यापासून चार हातांवर होते.

दोन्ही वाट्यांखाली फुली होती, आणि पट्टीचं टोक दातांनी तोडून आत दुमडलेलं होतं.