दोन्ही लाद्यांत खळगा

थरांचा दगड उलगडण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. छिन्नी बरोबर रेघेवर बसली की लादी आपणहून दोन फाकांत सुटते. आत ठसा निघाला, तर खालच्या लादीत खळगा आणि वरच्या लादीत तेवढाच उंचवटा. चिखलाचा दगड होता होता डोंगर उठले, समुद्र आटले, पण हा नियम काही मोडला नाही.

त्या सकाळी खालच्या लादीत पावलाचा खळगा निघाला. वरच्या लादीतही खळगाच.

"म्हणजे एक जण वरून चालला आणि एक खालून!" नणंद म्हणाली. तिच्या दादाने माझ्या भरवशावर तिला या लाद्यांच्या कारखान्यात धाडलेली. तोंडाळ पोर, पण जीव लावणारी.

"माणूस जन्मायच्या आधीचा चिखल आहे हा. हात लावू नकोस."

"हात कुठं लावतेय?" चप्पल काढून तिने खालच्या खळग्यात पाय ठेवला. अगदी मापाचा बसला.

लगेच ती खिदळली. "वहिनी, गुदगुल्या नको ना करूस!"

मी तर चार हात लांब, वरची लादी दोन्ही हातांनी पेलून उभी होते.

तिचं हसू ओसरलं. "पुरे गं. पाय सोड आता."

माझ्या हातातल्या लादीच्या खळग्यातली पाचही बोटं आखडली.