बेल्टसोबतच

कर्त्या पुरुषाची ओळख त्याच्या निर्णयांवरून होते. बाबांचा निर्णय दोन वर्षं पक्का होता: जुन्या गाडीचा गळका वॉटर पंप टायमिंग बेल्टसोबतच बदलायचा, म्हणजे इंजिन एकदाच उघडेल. तोवर इंजिनची उष्णता आत खेचली जाऊन ते तापू नये म्हणून भर उन्हातही गाडीतला हीटर चालू. आज पुलावर ट्रक आणि कठड्याच्या मध्ये गाडी अडकली. मागे मुलगी मुलाखतीच्या शर्टात शिजत होती, पाय कसल्याशा खोक्यावर. बॉनेटमधून वाफ आली. “बाबा, पंप गेला! माझी मुलाखतही!” “बेल्ट बदलताना बदलू,” बाबा म्हणाले. “बेल्ट मागच्याच वर्षी बदलला, तुम्ही परगावी होतात तेव्हा,” शेजारच्या सीटवरून आई म्हणाली. “आल्यावर सांगितलं होतं. तुम्ही बातम्या बघत होतात.” “मग पंप?” बाबांनी विचारलं. “मेकॅनिकने विचारलं, पंपही बसवू? मी म्हटलं, तो निर्णय आमच्याकडे हे घेतात.” तेव्हाच आणलेला नवा पंप मुलीच्या पायाखालच्या खोक्यात होता.