सिंगापूरचं मावंदं

जेवणं उरकली तसा गजाननने टीव्ही ओसरीवर आणून स्टुलावर ठेवला. भावकी अंगणात मांडवाखाली सुपारी चघळत बसली होती.

काशी करून आलेला माणूस मावंदं घालतो. गजाननच्या आईने, द्वारकाबाईंनी, ते सिंगापूरला लावलं. मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू अद्वैत समुद्रापार जाऊन सुखरूप आले, मग गाव जेवू घालायला नको का? पाटावर गंगेचा गडू मांडायचा असतो. गंगा नव्हती, म्हणून तिकडून आणलेला चॉकलेटचा डबा ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. केदारखेड्यात कोणी नाव ठेवलं नाही. बुंदी पोटभर मिळाली की शास्त्र कोण बघतो.

गजाननची बायको शरयू हिने मोबाईल वायरीशिवायच टीव्हीला जोडला. अद्वैत कारंज्यापुढे, अद्वैत पक्ष्यांच्या बागेत, अद्वैत उंच पाळण्यात. दर वेळी हात वर करून, सगळे दात दाखवून, "हाय फ्रेंड्स."

"पोरगं लई हसरं हाय," गजाननचे चुलते मच्छिंद्र म्हणाले.

"असंच न्हाई हसत काका, शिकवावं लागतं," गजानन म्हणाला. "हे व्हिडिओ सगळं जग बघून राह्यलं."

शरयूने सासूला दोनदा सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा द्वारकाबाई म्हणाल्या होत्या, "बापाचा हात हाय. त्यानं लेकरू मरत न्हाई." माहेरी सांगून झालं होतं, तिकडूनही तेच. आता तिने जगाने न पाहिलेला व्हिडिओ काढला. तो तिने टीव्हीवर लावला.

त्यात अद्वैत रडत होता. त्याचे पाय दुखत होते, त्याला घरी जायचं होतं. गजाननने त्याला दंडाला धरून वर ओढलं आणि कानाखाली मारली. मग दुसरी. "हस," तो म्हणाला. तिसरी तोंडावर बसली आणि पोराच्या ओठातून रक्त आलं. "अहो, सोडा त्याला," असा शरयूचा आवाज आला, पण चित्र जरासुद्धा हललं नाही. मोबाईल तिच्याच हातात होता आणि तिने तो खाली ठेवला नव्हता. त्याची लाज तिला आत्ताही वाटली. पण आज लाजून भागणार नव्हतं.

मांडवात कोणीतरी खोकलं.

"मारल्याबिगर लेकरं सुधरत न्हाईत," मच्छिंद्रकाका दात कोरत म्हणाले. "आमाला तर आमचा बाप आसूडानं हाणायचा." दोघेतिघे हसलेसुद्धा.

"बंद कर," गजानन म्हणाला.

"सगळ्यांना बघू द्या," शरयू म्हणाली.

तो उठला आणि त्याने तिच्या मुस्काटात मारली. ती ओसरीच्या कडेवर आपटली, बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. मोबाईल तिने पोटाखाली दाबून धरला. त्याने तिच्या कमरेत लाथ घातली, मग आणखी एक. गजाननचा थोरला भाऊ भागवत धावला आणि त्याने त्याला मागून कवेत धरलं, तर गजाननचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. भागवतचा पांढरा सदरा लाल झाला. सुटल्या सुटल्या गजाननने स्टूलच लाथाडलं. टीव्ही तोंडावर फरशीवर पडला, काच तडकली आणि चित्र गेलं.

आवाज मात्र गेला नाही.

"हस. हस म्हणलं ना. हस."

अद्वैत पाटाजवळ उभा होता, तोंडाला चॉकलेट लागलेलं. त्या आवाजासरशी तो ताठ झाला. मांडवाकडे वळला, एक हात वर केला आणि सगळे दात दाखवून हसला. डोळ्यांतलं पाणी गालांवरून खाली येत होतं. पोरगं हसतच होतं.

मच्छिंद्रकाकांची काडी दातातच राहिली. मघाशी हसलेले आता मातीकडे बघत होते. गजाननही जागच्या जागी थांबला.

द्वारकाबाई उठल्या. शरयूजवळून जाताना क्षणभर थबकल्या, पण तिच्याकडे बघायचं धाडस त्यांचं झालं नाही. त्या नातवापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. हाताखाली त्याचे ओठ अजून ताणलेलेच होते.

"नको हासू, माझ्या राजा," त्या म्हणाल्या. "रड. मोठ्यानं रड तू."