चौथं बटण

"तीन सांगितली होती, चार कशाला बसवलीस?" पिकअपच्या दाराशी उभा ड्रायव्हर खेकसला.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने स्वतःच्या हातांनी डॅशबोर्डवर तीनच बटणं बसवली होती. हे चौथं कुठून उपटलं? आणि त्याचा लाल दिवा कसा लागला? बॅटरीची वायर सोडल्याशिवाय तो केबिनमध्ये हात घालत नसे. आत्ताही ती सुटलेलीच होती.

त्याने बटण खेचून काढलं. मागे एकही वायर नव्हती. तळहातावरही दिवा जळतच होता.

"बघतोस काय नुसता? जन्मात कधी एक काम धड..."

"तोंड बंद कर!" म्हणत मिस्त्रीने रागारागाने बटण दाबलं. दिवा विझला.

ड्रायव्हरचं वाक्य तिथेच तुटलं. तोंड मात्र उघडंच राहिलं. पापणीही लवेना.

मिस्त्रीने घाईघाईने पुन्हा बटण दाबलं.

दिवा लागला नाही.