तुलनेसाठी निरोगी मूल

लेकाचे डोळे आपोआप मिचकायचे, मानेला झटके बसायचे. हा आजार रक्तावरून ओळखता येईल का, याचं संशोधन इस्पितळात चालू होतं. तुलनेसाठी त्यांना एक निरोगी मूलही हवं होतं, म्हणून वहिनी मोठ्या मनाने आपली मुलगी घेऊन आल्या. "आमच्याकडे असलं काही नाही बाई," हे त्यांनी माझ्या बायकोला लिफ्टमध्येही ऐकवलं. डॉक्टरीणबाई पुतणीशी शाळेच्या गप्पा मारता मारता थांबल्या. सुई बाजूला ठेवून म्हणाल्या, "ही नाक आक्रसते, खांदा उडवते, ते कधीपासून?" "धुळीची ॲलर्जी आहे तिला," वहिनी म्हणाल्या. खोलीत औषधालाही धूळ नव्हती. टोमणा मारायची अशी आयती संधी बायकोला उभ्या संसारात मिळाली नव्हती. मी आपला कान टवकारून बसलो. तिने बाकावर सरकून जागा केली. "बसा ताई," ती म्हणाली, "आम्हीही सुरुवातीला ॲलर्जीच म्हणायचो."